वृद्ध मातेचे कठोर शब्द आणि वाणीचे तप

गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी तपाचे शारीर, वाङ्मय आणि मानस असे तीन प्रकार सांगितले आहेत. वाणीच्या तपाचे लक्षण पंधराव्या श्लोकात आहे. ज्या बोलण्याने ऐकणाऱ्याच्या मनात उद्वेग उत्पन्न होत नाही, जे सत्य आहे, जे प्रिय असून हितकरही आहे, ते बोलणे आणि नित्य स्वाध्याय, यांस भगवंत वाणीचे तप म्हणतात. हा श्लोक आपण बहुधा स्वतःच्या जिभेला लावतो, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्यांच्या मांडीवर बसून आपण हा श्लोक शिकलो, त्याच वृद्ध मातेच्या किंवा पित्याच्या मुखातून अपशब्द निघू लागले, तर मुलाने काय करावे? आजच्या गृहस्थाश्रमातील हा एक अत्यंत दुःखद प्रश्न आहे, आणि लाजेमुळे तो सहसा कोणी उघड विचारीत नाही.

विचाराच्या सोयीसाठी एक प्रसंग समोर ठेवू. एका गृहस्थाची माता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. जन्मभर तिने भोजनापूर्वी पंधरावा अध्याय म्हटला; कोणास ‘अरे’ला ‘कारे’ म्हटले नाही. पतीच्या निधनानंतर तिची स्मृती क्षीण होत गेली. घरात चोवीस तास सांभाळणे अशक्य झाले, म्हणून मुलाने तिला एका वृद्धाश्रमात ठेवले. तेथे तिला स्नान घालणाऱ्या, भरवणाऱ्या मावशींना ती आता घाणेरड्या शिव्या देते. त्यांच्या जातीचा उच्चार करून ‘मला शिवू नकोस’ म्हणून ओरडते. मुलगा भेटीस गेला की ‘तू चोर आहेस, माझ्या बांगड्या विकल्यास’ असे सर्वांदेखत म्हणते. व्यवस्थापकांनी कळवले आहे की, असेच चालले तर मातोश्रींना येथे ठेवणे कठीण होईल. मुलाची झोप उडाली आहे. त्याच्या मनात चार प्रश्न आहेत. हीच का माझ्या आईची खरी वृत्ती? मी तिला काय उत्तर द्यावे? त्या मावशींचे मी काय देणे लागतो? आणि असेच शब्द ओठांवर असताना तिचे प्राण गेले, तर तिची गती काय?

हे चारही प्रश्न खरे आहेत. त्यांचा क्रमाने विचार करू.

१. हे शब्द कोणाचे?

‘जे पोटात तेच ओठांत आले’ असे लोक पटकन म्हणतात. गीता असे घाईने म्हणू देत नाही. तेराव्या अध्यायाच्या सहाव्या श्लोकात इच्छा, द्वेष, सुख, दुःख, शरीराचा संघात, चेतना आणि धृती या सर्वांची गणना विकारांसहित क्षेत्रात केली आहे. द्वेष हा क्षेत्राचा विकार आहे. तो क्षेत्रज्ञाचे स्वरूप नव्हे. पुढे अठराव्या अध्यायाच्या चौदाव्या व पंधराव्या श्लोकांत सांगितले आहे की, मनुष्य शरीराने, वाणीने किंवा मनाने जे कर्म करतो, त्याला अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणे, विविध चेष्टा आणि दैव अशी पाच कारणे असतात. बोलणे हेही कर्मच आहे. तेव्हा एखाद्या शब्दाचा भार एकट्या कर्त्यावर टाकण्यापूर्वी करण शाबूत आहे की नाही, हे पाहिले पाहिजे. तुटलेल्या वीणेतून बेसूर निघाला, तर वाजवणाऱ्याची विद्या नष्ट झाली असे आपण म्हणत नाही.

वैद्यकशास्त्र या करणाविषयी पुष्कळ सांगते. प्राग येथील आर्नोल्ड पिक यांनी १८९२ साली आणि जर्मनीतील आलोइस आल्झायमर यांनी १९०६ साली अशा रुग्णांचे वर्णन केले, ज्यांचा मेंदू झिजत गेल्यामुळे त्यांची भाषा, स्मृती व वर्तन पालटले होते. मेंदूचा पुढचा भाग द्वारपालासारखा असतो. मनात उठलेल्या शंभर शब्दांपैकी कोणता ओठांपर्यंत जाऊ द्यावा आणि कोणता अडवावा, हे तो ठरवतो. या भागाला रोगाने ग्रासले की संकोच, मर्यादा, लाज ही सारी ढासळतात. आणि रुग्णाला आपण काही अनुचित बोललो याचे भानही अनेकदा नसते.

याहून एक विलक्षण गोष्ट आहे. १८६१ साली पॅरिसचे शल्यवैद्य पॉल ब्रोका यांनी एका रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. त्याची वाचा गेली होती. ‘तान्’ एवढा एकच ध्वनी त्याच्या मुखातून निघे. परंतु तो संतापला की शपथेचा एक उद्गार मात्र स्पष्ट बाहेर पडे. इंग्लंडचे वैद्य जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी अशा रुग्णांचा दीर्घ अभ्यास करून दाखवून दिले की, विचारपूर्वक वाक्य जुळवण्याची शक्ती गेली तरी आपोआप बाहेर येणारी वाणी टिकून राहू शकते. अंक मोजणे, पाठ असलेली प्रार्थना म्हणणे आणि शिवी देणे ही तिन्ही या आपोआप येणाऱ्या वाणीत मोडतात. म्हणजे स्तोत्र आणि शिवी ही दोन्ही मेंदूच्या जुन्या कोठारात शेजारी शेजारी पडलेली असतात. शिवी कोठारात असण्यासाठी ती कधी उच्चारलेली असावी लागत नाही. बाजारात, वाड्यात, भांडणात ती कानांवर पडली तरी पुरे.

म्हणून त्या गृहस्थाने आपल्या मातेवर ‘हेच तुझे खरे रूप’ असा आरोप करू नये. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आचरण हा साक्षीपुरावा मोठा, की रोगाच्या दोन वर्षांतील शब्द? तथापि एक गोष्ट झाकून ठेवणेही सत्याला धरून होणार नाही. जातीचा तो अपशब्द तिच्या कानांवर पडला, तो आपल्याच घरांतून आणि गल्लींतून. त्या शब्दाचा दोष रुग्णावर ठेवता येत नाही. परंतु तो कोठारात कोणी भरला, याचा विचार समाज म्हणून आपण केलाच पाहिजे.

येथे अभ्यासकांनी एक घोटाळा टाळावा. दुसऱ्या अध्यायाच्या त्रेसष्टाव्या श्लोकात क्रोधापासून संमोह, संमोहापासून स्मृतिभ्रंश आणि त्यापासून बुद्धिनाश असा क्रम आहे. आज डिमेन्शिया या रोगालाही मराठीत स्मृतिभ्रंश म्हणतात. शब्द एक असला तरी अर्थ भिन्न आहे. गीतेतील स्मृतिभ्रंश विषयचिंतनातून आणि क्रोधातून येतो. रोगातील स्मृतिभ्रंश मेंदूच्या झिजेतून येतो, आणि क्रोध हा बहुधा त्याचा परिणाम असतो. ‘आईने राग आवरला नाही म्हणून तिची बुद्धी गेली’ असा अर्थ काढणे हे शास्त्राचेही अज्ञान आणि मातेवरही अन्याय.

२. आधी वैद्य, मग उपदेश

वर्तनातील पालट कशाने झाला हे पाहिल्यावाचून उपाय करू नये. वृद्ध मनुष्य एकदोन दिवसांत अचानक भ्रमिष्टासारखा बोलू लागला, तर मूत्रमार्गाचा संसर्ग, ताप, शरीरातील पाणी कमी होणे, बद्धकोष्ठ, नवे औषध यांपैकी काही कारण असू शकते. अशा वेळी त्वरित डॉक्टरांना दाखवावे. दात, गुडघा, पाठ यांच्या वेदना ज्याला शब्दांत सांगता येत नाहीत, तो त्या शिवीने सांगतो. ज्याला नीट ऐकू येत नाही, त्याला सर्व जण आपल्याविरुद्ध कुजबुजत आहेत असे वाटते. श्रवणयंत्र आणि चष्मा यांनी कधी कधी अर्धे भांडण मिटते.

‘शांत राहण्याची गोळी द्या’ असा आग्रह नातेवाइकांनी वा आश्रमाने धरू नये. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांमध्ये काही मनोविकारावरील औषधांमुळे मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध-नियंत्रक संस्थेने २००५ साली दिला आहे. अशी औषधे कधी आवश्यकही असतात. पण ती तज्ज्ञाने तपासून, मोजक्या काळासाठी द्यावयाची असतात.

शिवीगाळ केव्हा होते, याची आठ दिवस नोंद ठेवावी. ती बहुधा स्नान आणि वस्त्र बदलण्याच्या वेळी होते असे आढळेल. आपण स्वतःला त्या जागी कल्पून पाहावे: अनोळखी वाटणारे हात आपली वस्त्रे काढीत आहेत, पाणी अंगावर येत आहे, आणि हे सारे कशासाठी ते समजत नाही. जी जन्मभर मर्यादेने राहिली, तिला तो हल्लाच वाटतो, आणि हल्ल्याला ती हाती असलेल्या एकमेव शस्त्राने उत्तर देते. पाणी कोमट असावे, अंग पंचाने झाकलेले राहावे, एकच परिचित मावशी असावी, प्रत्येक कृती करण्यापूर्वी समोरून येऊन हळू आवाजात सांगावी, आणि विरोध झाला तर अर्ध्या तासाने पुन्हा यावे. एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

३. पुत्राने काय उत्तर द्यावे?

आता वाणीच्या तपाचा श्लोक पुत्राच्या हाती येतो. माता म्हणते, ‘तू माझ्या बांगड्या विकल्यास.’ पुत्र म्हणाला, ‘तुला काही आठवत नाही, बांगड्या कपाटात आहेत,’ तर ते सत्य आहे, पण त्याने उद्वेग होतो. पुत्र म्हणाला, ‘हो, विकल्या,’ तर ते असत्य आहे. मग सत्य, प्रिय आणि हित यांचा मेळ कसा बसावा? तो म्हणू शकतो, ‘आई, बांगड्या दिसत नाहीत म्हणून तुझा जीव घाबरला आहे. मी पाहतो हं. तू माझ्याजवळ बैस.’ यात एक अक्षर खोटे नाही, आणि वादही नाही. वादात जिंकणे म्हणजे सत्य बोलणे नव्हे, हे या श्लोकाचे मर्म येथे कळते. रुग्णाच्या शब्दांना उत्तर द्यावयाचे नसते. त्या शब्दांमागच्या भयाला द्यावयाचे असते. ज्ञानेश्वर महाराजांनी तेराव्या अध्यायात अहिंसेचे जे विस्तृत विवेचन केले आहे, त्यात बोलण्यातील अहिंसेलाही स्थान दिले आहे. त्या ओव्या अशा भेटीस जाण्यापूर्वी वाचाव्यात.

मुलालाही यातना होतात. सर्वांदेखत चोर म्हणवून घेणे सोपे नाही. दुसऱ्या अध्यायाच्या चौदाव्या श्लोकात सुखदुःखाचे स्पर्श येणारे-जाणारे आहेत, ते सहन कर, असे सांगितले आहे. सहन करणे म्हणजे दुःख न होणे नव्हे. पाचव्या अध्यायाच्या तेविसाव्या श्लोकात क्रोधाचा वेग सोसू शकणाऱ्याला युक्त आणि सुखी म्हटले आहे. वेग उठतो, हे तेथे गृहीतच आहे. तो उठला की ‘आई, मी थोड्या वेळाने येतो’ म्हणून ओसरीवर जावे, दहा मिनिटे नामस्मरण करावे आणि परत यावे. उलट उत्तर देण्यापेक्षा हे श्रेष्ठ, आणि भेटीलाच न येण्यापेक्षाही श्रेष्ठ.

आणि त्या जुन्या कोठाराचा उपयोग करावा. शिवी जेथून येते, तेथूनच पाठ केलेले स्तोत्रही येते. मुलाने पलंगाशी बसून पंधराव्या अध्यायाचा पहिला चरण सावकाश म्हणावा. नाव विसरलेली माता दुसरा चरण पुढे म्हणू लागते, असा अनुभव येऊ शकतो. न म्हटला तरी हानी नाही. परिचित लय कानांवर पडणे हेच पुष्कळ आहे.

४. ज्यांच्या बाबतीत रोग नव्हे, स्वभाव कारण आहे

सर्वच प्रसंग रोगाचे नसतात. काही माता-पित्यांनी जन्मभर मुलांना अपशब्दच दिले, आणि वृद्धाश्रमातही बुद्धी शाबूत असता ते तसेच बोलतात. पारुष्य म्हणजे कठोरपणा, आणि सोळाव्या अध्यायाच्या चौथ्या श्लोकात त्याची गणना आसुरी संपत्तीत केली आहे. वय झाल्याने त्याचे गुणात रूपांतर होत नाही. अशा वेळी पुत्राने किंवा कन्येने नम्रपणे, पण स्पष्ट सांगावे, ‘आपण असे बोललात तर मी आज निघतो, पुढच्या रविवारी पुन्हा येईन.’ आणि खरोखर निघावे, आणि खरोखर पुन्हा यावे. औषध, अन्न, निवास यांची व्यवस्था कमी होता कामा नये. २००७ च्या कायद्याने माता-पित्यांचा निर्वाह हे अपत्यांचे कर्तव्य ठरवले आहे, आणि त्यांना सोडून देणे हा अपराध आहे. परंतु अपमान सोसत तासन्‌तास बसणे हे कर्तव्य नाही. मूढ आग्रहाने स्वतःला पीडा देऊन केलेल्या तपाला सतराव्या अध्यायाच्या एकोणिसाव्या श्लोकात तामस म्हटले आहे. सेवा करताना सेवकाचे शरीर आणि संसार मोडून पडू लागला, तर ती सेवा सात्त्विक राहिली काय, याचा विचार करावा.

५. सेविकेचे ऋण

या सर्व विचारात एक व्यक्ती सहसा विसरली जाते. जी मावशी पहाटे उठून आपल्या आईचे मळलेले कपडे बदलते, तिला आपली आई जातीवरून हिणवते. पुत्र म्हणतो, ‘ती आजारी आहे, मनावर घेऊ नका.’ हे खरे असले तरी अपुरे आहे. तितिक्षा ही ज्याने त्याने स्वतः करावयाची साधना आहे. ती दुसऱ्याकडून, विशेषतः आपल्या पगारावर अवलंबून असणाऱ्याकडून, मागून घेण्याची वस्तू नाही.

पाचव्या अध्यायाच्या अठराव्या श्लोकात विद्वान ब्राह्मणापासून समाजाने हीन मानलेल्या मनुष्यापर्यंत सर्वांच्या ठिकाणी समदृष्टी ठेवणाऱ्यास पंडित म्हटले आहे. ज्या घरात गीता वाचली जाते, त्या घराची परीक्षा अशाच ठिकाणी होते. मुलाने मावशींना बाजूला बोलावून सांगावे, ‘मावशी, आईने जे म्हटले ते चूक आहे. आईला आता समजत नाही, पण मला समजते. तिच्यातर्फे मी क्षमा मागतो.’ हे शब्द इतरांदेखत बोलता आले तर अधिक चांगले, कारण अपमानही इतरांदेखतच झाला होता. राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली आहे, आणि १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली झालेल्या दुरुस्तीने लोकांच्या दृष्टीपुढे जातीवरून केलेली शिवीगाळ स्पष्टपणे अपराध ठरवली आहे. त्यावरून या जखमेची खोली ओळखावी. कायद्याची भीती म्हणून नव्हे, तर धर्म म्हणून क्षमा मागावी.

केवळ क्षमा मागून भागत नाही. स्नानाच्या वेळी दोघी असाव्यात, त्या मावशींना अधूनमधून दुसरे काम मिळावे, त्यांनी तक्रार केली म्हणून त्यांची नोकरी जाऊ नये, हे व्यवस्थापकांशी बोलून ठरवावे. यासाठी थोडा अधिक खर्च आला तर तो मातृसेवेचाच भाग समजावा. आश्रमाने नेण्यास सांगितले, तर भांडण न करता वैद्यकीय तपासणीसाठी मुदत मागावी. सर्वच वृद्धाश्रमांना स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची सेवा जमते असे नाही. त्यासाठी प्रशिक्षित सेवक असलेली स्थाने शोधावी लागतात. १९९२ साली स्थापन झालेली ‘अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया’ ही संस्था आणि १४५६७ हा ज्येष्ठ नागरिकांसाठीचा राष्ट्रीय साहाय्य-क्रमांक यांच्याकडे मार्गदर्शन मागता येते.

६. अंतकाळाची शंका

आता शेवटचा, आणि पुत्राच्या हृदयाला सर्वांत अधिक जाळणारा प्रश्न. आठव्या अध्यायाच्या सहाव्या श्लोकाप्रमाणे अंतकाळी मनुष्य ज्या भावाचे स्मरण करीत देह सोडतो, त्या भावाला तो पोहोचतो. मग अपशब्द उच्चारीत गेलेल्या मातेचे काय?

प्रथम हे लक्षात घ्यावे की, त्या श्लोकात भावाचे स्मरण म्हटले आहे, ओठांवरचा शब्द म्हटलेला नाही. दुसरे असे की, त्याच श्लोकाचा शेवट सांगतो की, तो भाव सदैव केलेल्या भावनेतून घडलेला असतो. आणि म्हणूनच सातव्या श्लोकात सर्व काळी माझे स्मरण कर, असे भगवंत म्हणतात. साठ वर्षांच्या स्मरणाची गणना रोगाच्या दोन वर्षांनी पुसली जाईल, असे कोठेही म्हटलेले नाही. उलट दुसऱ्या अध्यायाच्या चाळिसाव्या श्लोकात या मार्गावरील प्रयत्नाचा नाश होत नाही, आणि सहाव्या अध्यायाच्या चाळिसाव्या श्लोकात कल्याणकारी कर्म करणारा दुर्गतीस जात नाही, असे आश्वासन आहे.

श्रीवैष्णव परंपरेत वराहचरमश्लोक म्हणून आदरणीय असलेल्या वचनात तर याच शंकेचे उत्तर आहे. तेथे भगवान वराह सांगतात की, शरीर आणि मन स्वस्थ असताना ज्याने माझे स्मरण केले, तो पुढे काष्ठ-पाषाणासारखा पडला असता मीच त्याचे स्मरण करतो आणि त्याला परम गतीस नेतो. भक्ताची स्मृती जेथे संपते, तेथे भगवंताची स्मृती कामास येते, असा याचा भाव आहे. मातेची मर्यादा रोगाने नेली. तिची पुण्याई नेण्याचे सामर्थ्य रोगात नाही. पुत्राने निश्चिंत व्हावे, आणि या चिंतेत जाणारा वेळ तिच्याजवळ बसण्यात घालवावा.

सारांश

मातेचे शब्द क्षेत्राचे विकार समजावेत, आणि ते क्षेत्र प्रथम वैद्याला दाखवावे. वादाने उत्तर देऊ नये. खोटेही बोलू नये. भयाला धीर द्यावा. क्रोध आला तर दूर जावे, पण परत यावे. जिला अपमान सोसावा लागला, त्या मावशींची क्षमा मागावी आणि त्यांचे काम सुसह्य करावे. जेथे स्वभावच कठोर आहे, तेथे सेवा चालू ठेवून मर्यादा घालावी.

आणि ज्यांची बुद्धी आज शाबूत आहे, त्या आपण सर्वांनी एक गोष्ट आजपासून करावी. आपल्या नातवंडांच्या कानांवर आपण काय घालतो, इकडे लक्ष द्यावे. स्वयंपाकघरात, रस्त्यावर, मोलकरणीशी, रिक्षावाल्याशी बोलताना जो शब्द सहज निघून जातो, तो कोणाच्या तरी कोठारात जाऊन पडतो आणि पन्नास वर्षांनी, द्वारपाल निघून गेल्यावर, बाहेर येतो. स्वाध्यायाचा समावेश वाणीच्या तपातच का केला असावा, हे यावरून काहीसे ध्यानात येते. आपण आज जे पुनःपुन्हा म्हणतो, तेच आपली आठवण गेल्यावरही आपल्या जिभेवर राहण्याचा संभव अधिक.

मननासाठी: गेल्या आठ दिवसांत आपण कोणाशी असे बोललो की, ते आपल्या मुलाने पाठ करावे असे आपल्याला वाटणार नाही? त्या व्यक्तीची आज क्षमा मागता येईल काय?